कँटीनची रांग आणि चुरी सरांची बढती

पालघरजवळच्या माहीमच्या कृष्णकांत चुरींनी ऑपरेशन्स रिसर्चमध्ये डॉक्टरेट मिळवली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची काशीआत्या मोतीबिंदूचे कागद पिशवीत घालून दारात हजर झाली. 'डॉक्टर' आणि 'ऑपरेशन' हे दोन शब्द कानावर आल्यावर तिला तिसऱ्याची गरज वाटली नव्हती. कृष्णकांतने तिला ओटीवर बसवून तासभर समजावलं, की आपण माणसं कापत नाही, रांगांचा अभ्यास करतो. बँकेत किती खिडक्या उघडल्या तर माणसाला किती ताटकळावं लागेल, बंदरात किती जहाजं आली तर किती धक्के लागतील, हे सगळं आधीच गणिताने काढता येतं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या वडलांकडे वळून विचारलं, "म्हंजे याला डोळ्यातलं काय कळत नाय?"

वडील ओटीसमोरच्या वाडीत पानवेली बांधत होते. वर न बघता ते म्हणाले, "रांगेत शिकन्यासारकं काय असतं ते मला पन कळलं नाय. उभं ऱ्हायाचं, नंबर आला की पुढं व्हायचं."

या गोष्टीला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत कृष्णकांतचे चुरी सर झाले, डोक्यावरचे केस गेले, पालघरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पोरांच्या अठ्ठावीस-तीस बॅचेस त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि रांग या विषयावर त्यांचे एकोणीस शोधनिबंध छापून आले. त्यातल्या एकाचा उल्लेख फिनलंडमधल्या कुणा संशोधकाने तळटीपेत केला होता. ती तळटीप सरांनी मोठ्या अक्षरात छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती आणि भेटायला येणाऱ्याचा चहाचा कप नेमका तिच्या शेजारी ठेवायला ते शिपायाला सांगत.

फक्त एक गोष्ट राहिली होती. सगळं गाव त्यांना प्रोफेसर म्हणत असलं, तरी कागदोपत्री ते होते सहयोगी प्राध्यापक, आणि तेही चौदा वर्षं. पहिल्या वेळी बढतीसाठी एक निबंध कमी पडला. दुसऱ्या वेळी निबंध पुरले, पण नियम बदलले. तिसऱ्या वेळी निबंध आणि नियम दोन्ही जुळले, पण समितीतले एक सदस्य वेळेवर पोचले नाहीत आणि बैठकच रद्द झाली. 'रांगांचा तज्ज्ञ स्वतः रांगेतच उभा' हा विनोद स्टाफरूममध्ये इतक्या वेळा झाला होता, की आता कुणी तोंड उघडायच्या आत सरच हसून घेत.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना चौथी संधी आली. या खेपेला नवी अट होती: उद्योगाला प्रत्यक्ष उपयोगी पडलेलं एक तरी काम, आणि तसं कंपनीचं पत्र.

सर अडचणीत आले. त्यांच्या एकोणीस निबंधांतल्या बँका, बंदरं आणि विमानतळ सगळे कागदावरचे होते. खऱ्या रांगेशी त्यांचा संबंध जवळजवळ नव्हताच. लाइटबिलाची रांग, दवाखान्याची रांग, रिझर्व्हेशनची रांग, या सगळ्या लग्न झाल्यापासून त्यांच्या पत्नीने, प्रेमलाताईंनी सांभाळल्या होत्या. सरांना विचार करायला वेळ हवा असे.

शेवटी त्यांनी वह्या चाळून एका जुन्या विद्यार्थिनीचा नंबर शोधला. रुचिता बोईसरच्या एमआयडीसीत, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मॅनेजर झाली होती.

"सर! तुम्ही आणि मला फोन?" ती म्हणाली. "तुमच्या विषयात मी दोनदा नापास झाले होते, आठवतंय का?"

"दुसऱ्यांदा दोन मार्कांनी राहिलीस."

"तीन."

"दोन. एक मी वाढवून दिला होता."

रुचिता खळखळून हसली आणि तिथेच काम ठरलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवणाची रांग लागे. एका वेळी नव्वद कामगार सुटत, सुट्टी अर्ध्या तासाची, आणि शेवटच्या माणसाच्या हातात ताट यायला वीस-एकवीस मिनिटं लागत. मग तो उभ्या उभ्या चार घास कोंबून मशिनवर पळे. "एवढी रांग मोडून द्या सर," ती म्हणाली, "पत्र मी स्वतः टाइप करते."

दुसऱ्या आठवड्यापासून चुरी सर रोज सकाळी स्कूटर काढून उमरोळीवरून बोईसरला जाऊ लागले. डोक्यावर टोपी, खिशात स्टॉपवॉच, गळ्यात कारखान्याचं पाहुण्यांचं कार्ड. रांगेला आपलं अस्तित्व जाणवू नये, नाहीतर निरीक्षण बिघडतं, असं ते पोरांना नेहमी शिकवत. म्हणून ते कँटीनच्या मागच्या दाराने आत येत आणि पाण्याच्या टाकीमागे स्टूल टाकून बसत. तिथून त्यांना रांग दिसत नसे, वाढणारा हातही दिसत नसे, पण वाढपाचं टेबल सोडून जाणारं प्रत्येक ताट दिसे. एका ताटामागून दुसरं ताट किती सेकंदांनी निघतं ते लिहीत राहायचं. अस्तित्व मात्र सगळ्यांना पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. "टंकी के पीछे कोई साहब बैठा है," असं दुपारपर्यंत तिन्ही शेडमध्ये झालं, आणि जेवणाची सुट्टी पाच मिनिटांनी कापायला माणूस आणलाय अशी पक्की खबर संध्याकाळपर्यंत.

पंधरा दिवसांत हिशेब स्वच्छ निघाला. ताटामागे चौदा सेकंद. वाढायला एकच बाई, साखरबाई. नव्वद ताटं म्हणजे एकवीस मिनिटं. सरांनी बेचाळीस पानांचा अहवाल लिहिला. त्यात आलेख होते, तक्ते होते, आणि सतराव्या पानावर एक समीकरण असं होतं, की ते लिहून झाल्यावर सर स्वतःसाठी चहा करायला उठले होते. निष्कर्ष एकच: वाढपाचा वेग कमी आहे. दुसरं टेबल लावा, दुसरी बाई आणा; वेळ निम्म्यावर येईल.

रुचिताने सोमवारी दुसरं टेबल लावलं. सर टाकीमागे घड्याळ घेऊन बसले.

शेवटचं ताट एकविसाव्या मिनिटाला गेलं.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. दोन्ही टेबलांवर आता ताटामागे अठ्ठावीस सेकंद लागत होते. जणू दोघी बायकांनी आपसात ठरवून हात निम्मा आवरला होता. सरांनी तीन दिवस गणित तपासलं. गणित बरोबर होतं. ते तपासणारा माणूस मात्र जेवताना आमटी समजून भातात ताक कालवायला लागला होता.

"काय बिनसलंय?" प्रेमलाताईंनी सकाळी चहा पुढे ठेवत विचारलं.

"रांग ऐकत नाही."

"आनि तुमी तिच्यात उभे ऱ्हायलाव काय?"

"उभं राहून काय दिसणार? निरीक्षण बाहेरून करायचं असतं."

"हां," प्रेमलाताई म्हणाल्या, "बाहेरून मला पन सैपाक लय सोपा दिसतो." आणि त्या दुधाला निघून गेल्या.

गुरुवारी मात्र सरांचा संयम सुटला. जेवणाची वेळ संपल्यावर ते टाकीमागून बाहेर आले आणि साखरबाईंसमोर जाऊन उभे राहिले. साखरबाई पन्नाशीच्या, अंबडकडच्या. पंधरा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर बोईसरला आलेल्या, आणि तेव्हापासून याच कँटीनमध्ये. सरांनी शक्य तेवढ्या सौम्यपणे विचारलं, की एक ताट वाढायला अठ्ठावीस सेकंद कसे लागतात?

साखरबाईंनी डाव उचलला. एक ताट घेतलं. भात, वरण, भाजी, दोन चपात्या, कांद्याची फोड. ताट सरांच्या हातात.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

सरांनी घड्याळ पाहिलं. पाच सेकंद.

"पंधरा वरीस झाले वाढते म्या. माझ्या शेजारी दुसरी बाई आनून उभी केली, तवा लोकं म्हनले, साखरबाईचा हात थकला. मला काय वाटलं आसंल?" त्यांचा आवाज चढला नाही, हेच सरांना जास्त लागलं. "सर, तुमी मागल्या दारानं येता आन् टाकीमागं बसता. येक डाव ताट घिऊन पुढच्या दारानं या. मंग मला इचारा."

सर घरी येऊन पुन्हा वही उघडून बसले. आयुष्यभर ज्या चुकीसाठी त्यांनी पोरांचे मार्क कापले, ती त्यांनी स्वतः केली होती. एका ताटापासून दुसऱ्या ताटापर्यंतचा सगळा वेळ त्यांनी साखरबाईंच्या नावावर लिहिला होता. वाढायला पाच सेकंद लागत होते. मग उरलेला वेळ कोण खात होतं?

शुक्रवारी साडेबाराचा भोंगा झाला, आणि ऑपरेशन्स रिसर्चचे सहयोगी प्राध्यापक डॉ. कृष्णकांत चुरी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात स्टीलचं ताट घेऊन, रांगेत उभे राहिले.

पहिली गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती म्हणजे कुणालाच घाई नव्हती. रांग शेडबाहेरच्या बोळातून, हात धुवायच्या नळांजवळून आत वळत होती. बोळात उभा असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस फोनवर बोलत होता. कुणी भोजपुरीत, कुणी हिंदीत, कुणी मराठवाड्याच्या बोलीत. पुढे दहा पावलं जागा रिकामी झाली तरी माणूस बोलणं संपवून मगच सरके, आणि मागचा अजिबात ओरडत नसे, कारण तोही बोलतच असे. तिकडे साखरबाई डाव हातात धरून रिकाम्या टेबलाकडे बघत उभ्या होत्या.

सरांच्या पुढे लेथ मशिनवरचा कामगार झुंबर होता. उंच, पन्नाशीला टेकलेला, कानाला फोन घट्ट लावलेला. "कंचा धडा झाला आज? ... मंग? ... आगं जेवली का आधी ते सांग." पुढची रांग केव्हाच आत गेली होती. सरांना राहवलं नाही.

"अहो, पुढे जागा झाली आहे."

झुंबरने फोनवर हात ठेवला. "तुमी व्हा ना पुढं साहेब. माझी पोरगी हाय लाइनवर."

सर पुढे झाले नाहीत. त्यांनी तो फोन संपेपर्यंत थांबून विचारलं, "आत बसून का नाही बोलत?"

झुंबरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. टाकीमागचा साहेब तो हाच, हे त्याला कळलं होतं. पण साहेबाच्या हातात ताट होतं, त्यामुळे त्याने सांगितलं. मशिनवर फोन न्यायचा नाही, कुलपात ठेवायचा. सुट्टीत मिळतो, पण कँटीनच्या पत्र्याखाली रेंज म्हणून येत नाही. रेंज आहे ती या बोळात. आणि बोळात नुसतं उभं राहिलं की सिक्युरिटीवाला हाकलतो, कारण तो मालाच्या गाड्यांचा रस्ता.

"पर रांगेत उभं ऱ्हायलेल्याला कोन काय म्हननार?" झुंबर म्हणाला. "ज्ञानेश्वरी बारावीला हाय. याच टायमाला घरी येती. संध्याकाळी मला ओव्हरटाइम, आन् तिची शिकवनी. दिवसातनं हेच धा मिंटं." मग त्याची नजर सरांच्या खिशातल्या वहीकडे गेली. "साहेब, हे लिहू नगा बरं का. कळलं तर हितंबी फोन बंद करतील."

सरांनी वही खिशात आणखी आत ढकलली. तीस वर्षं त्यांनी रांगेतल्या माणसांचे प्रकार शिकवले होते: रांग बघून परत फिरणारा, कंटाळून मधेच सोडून जाणारा, शेजारची रांग लहान दिसली की तिकडे उडी मारणारा. ज्याला रांगेतच राहायचं आहे, असा माणूस एकोणीस निबंधांत कुठेच नव्हता. फिनलंडमध्येही नसावा.

पुढचे दोन दिवस चुरी सरांनी वाईट काढले. खरं लिहिलं तर झुंबरचा फोन जाईल. न लिहिलं तर रांग तशीच राहील, साखरबाईंच्या नावाला लागलेला बट्टा तसाच राहील, आणि पत्र काही मिळणार नाही. रविवारी त्यांनी सगळं प्रेमलाताईंना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"त्यांना रांग नको हाय, बोलायला जागा हवी हाय," त्या म्हणाल्या. "मग जागा द्या. एवढं काय त्यात?"

सोमवारी कारखान्याच्या आवारात एक विलक्षण दृश्य दिसलं. टोपी घातलेले चुरी सर मोबाइल डोक्यावर उंच धरून, दर पाच पावलांनी थांबून, वर बघत वहीत काहीतरी लिहीत चालले होते, आणि त्यांच्या मागून सिक्युरिटीवाला, यांना अडवावं की सावरावं अशा विचारात. सायकल स्टँडच्या मागे बदामाचं एक मोठं झाड होतं. तिथे सर थांबले. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. सावली होती. मालाच्या गाड्या फिरकत नव्हत्या.

तिथूनच ते थेट रुचिताच्या केबिनमध्ये गेले.

"माझं गणित चुकलं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी स्कूटरवर तीनदा म्हणून पाहिलं होतं, तरी म्हणायला अवघडच गेलं. "साखरबाईंची काही चूक नाही. त्यांच्यासारखा हात मी पाहिलेला नाही. दुसरं टेबल असू दे. आणि सायकल स्टँडमागे, झाडाखाली दोन बाकडी टाक. सुट्टीत तिथे फोन चालतील अशी पाटी लाव."

"बाकडी?" रुचिता म्हणाली. "आणि रांग?"

"रांग आपोआप जाईल."

"पण ती होती कशामुळे?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. "तू मला कधी सांगितलंस का, दुसऱ्या पेपरात शेजारच्याचं पाहून काय लिहिलं होतंस ते?"

रुचिता लालबुंद झाली, मग हसायला लागली, आणि तिने पुढे काही विचारलं नाही. गुरुवारी बाकडी आली. पुढच्या सोमवारी शेवटचं ताट सहाव्या मिनिटाला गेलं. सर त्या दिवशी माहीमच्या वाडीतल्या पानांची एक मोठी जुडी घेऊन आले होते. ती त्यांनी साखरबाईंच्या टेबलावर ठेवली आणि "माझं चुकलं" हे वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं. या वेळी सोपं गेलं. साखरबाईंनी पानं उलटसुलट करून पाहिली, एक चुना लावून तोंडात टाकलं, आणि सरांच्या ताटात न मागता तिसरी चपाती टाकली.

रुचिताने पत्र दिलं. त्यात खरं तेच होतं: 'डॉ. चुरी यांच्या सल्ल्यानुसार आवारात दोन बाकडी बसवण्यात आली. कँटीनमधील प्रतीक्षा एकवीस मिनिटांवरून सहा मिनिटांवर आली.'

समितीसमोर सर हे पत्र आणि बेचाळीस पानांचा जुना अहवाल दोन्ही घेऊन गेले. अहवाल न्यायचा नव्हता खरं तर, पण एवढी पानं घरी ठेवून जाणं त्यांच्या जिवावर आलं. समितीच्या अध्यक्षा दमयंतीबाई स्वतः गणिताच्या. त्यांनी अहवाल उघडला आणि सतराव्या पानावर थांबल्या.

"वा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ते चुकलं," सर म्हणाले.

"चुकलं?"

"म्हणजे गणित बरोबर आहे. पण मोजलं चुकीचं. शेवटी बाकड्यांनी काम झालं."

दमयंतीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "चुरी, माणसं चुकतात. पण इतकं व्यवस्थित चुकलेलं मी फार दिवसांनी पाहते आहे."

दुसऱ्या एका सदस्याने सुचवलं, की फाइलमध्ये अहवाल राहू द्यावा आणि ते बाकड्यांचं पत्र तेवढं जरा नीट शब्दांत लिहून आणावं. 'बाकडी' बरं दिसत नाही. 'आसनव्यवस्था' म्हणता येईल. चुरी सरांनी आयुष्यात समितीपुढे कधी मान वर केली नव्हती. पण ते म्हणाले, "साहेब, बाकडीच आहेत ती. लाकडी. मी बसून पाहिलंय." आणि पत्र आहे तसंच राहिलं.

बढती मंजूर झाली. ती बाकड्यांमुळे झाली की सतराव्या पानामुळे, हे समितीने कळवलं नाही आणि सरांनीही विचारलं नाही. कॉलेजात पेढे वाटले. शिपायाने दारावरची पाटी बदलायला आणली, तेव्हा कळलं की जुन्या पाटीवर तो गेली कित्येक वर्षं 'प्रोफेसर' असंच रंगवत आला होता.

पंधरा दिवसांनी भर दुपारी, साडेबाराच्या सुमाराला सरांचा फोन वाजला. झुंबर होता.

"साहेब, बाकड्यावर बसलोय. पोरगीबी लाइनवर घेतलीय. तिला तुमाला कायतरी इचारायचंय."

पलीकडून एक बारीक पण ठाम आवाज आला. "सर, बारावीनंतर संख्याशास्त्र घेतलं तर पुढं काय करता येतं?"

तीस वर्षांत हा प्रश्न चुरी सरांना आपण होऊन कुणीच विचारला नव्हता. ते खुर्चीत सरसावून बसले. त्यांनी संभाव्यतेपासून सुरुवात केली, मग बंदरं घेतली, विमानतळ घेतले, दवाखाने घेतले, रांगेतल्या माणसांचे प्रकार सांगितले आणि त्यात आता एक नवा प्रकारही जोडला. ज्ञानेश्वरी मधूनमधून प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न चांगले होते. तिने विचारलं, की नवा प्रकार सापडला तर जुनी समीकरणं टाकून द्यायची का? सरांनी पेन काढलं आणि फोनवरच समीकरण सांगायला सुरुवात केली.

मधेच फोनमधून सुट्टी संपल्याचा भोंगा ऐकू आला.

"साहेब," झुंबर मधे बोलला, फार अदबीने, "ती लिहून घेतीया, तुमी सांगा. म्या फोन चालूच ठिवून कुलपात टाकतो, आन् जातो मशिनवर." मग जरा थांबून म्हणाला, "तेवढं माझं आज जेवायचं ऱ्हायलं."